कोपऱ्यातली पिवळी ओळ

आमच्या कारखान्याच्या गेटसमोर युनियनचा एक फळा आहे. लोखंडी पायांवर उभा, वर पत्र्याचं छोटं छप्पर. तळोज्याच्या त्या रस्त्यावरच्या टँकरवाल्यांनाही तो माहीत आहे, कारण आमचा पत्ता सांगताना लोक ‘फळ्याच्या पुढे डावीकडे’ असंच सांगतात. गेली बावीस वर्षं त्या फळ्यावर मी लिहितो. शाळेत असताना चित्रकलेच्या दोन्ही सरकारी परीक्षा मी पास झालो होतो, आणि ज्याला भाषण करता येत नाही त्याला युनियनमध्ये काहीतरी काम द्यावंच लागतं. म्हणून खडू माझ्या हातात आला. या काळात चार अध्यक्ष झाले, मजकूर मात्र बदलला नाही. निर्धार, धडक, एल्गार. एल्गार हा शब्द मी इतक्या वेळा लिहिलाय की आता डोळे मिटूनही लिहीन. आणि एल्गार झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे एल्गारवाले सात वाजता मुकाट्याने कार्ड पंच करताना मी पाहिलेले आहेत, मी स्वतः त्यांच्यातच होतो.

या फळ्याचा एकच नियम होता. तो आमच्या जुन्या सरचिटणीसांनी घातला. उजवीकडचा खालचा कोपरा कोर्टाच्या तारखांचा. कुणाची केस, कसली तारीख, किती वाजता. “वरचं काय वाटेल ते लिहा आणि पुसा,” ते मला म्हणाले होते, “पण कोपऱ्यातली तारीख ज्या दिवसाची असेल त्या दिवशी संध्याकाळीच पुसायची. आधी हात लावायचा नाही.” आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे, युनियनचा ग्रुप आहे, मग फळा कशाला, असं नवीन पोरं विचारतात. त्या ग्रुपवर सकाळी उठल्यापासून गुलाबाची फुलं, सुप्रभात आणि कुणाच्या तरी भाच्याचे वाढदिवस पडत असतात. त्यात कोर्टाची तारीख टाकली तर ती दहा मिनिटांत वर निघून जाते आणि कुणाच्या बापाला सापडत नाही. फळा तिथेच राहतो. म्हणून ज्यांच्या केसेस चालू होत्या ते फळाच बघायचे.

त्यातली एक बाई करंजाड्याची होती. म्हणजे आता जिथे टॉवर झाले आहेत त्या करंजाड्याची नव्हे, त्याच्या पोटात उरलेल्या जुन्या गावातली. आमच्याकडे रंग बनतो. रंगाचे रिकामे ड्रम धुण्याचं काम ठेकेदाराकडच्या बायका करायच्या आणि ही त्यांच्यात सगळ्यांत जुनी, अकरा वर्षं झालेली. ठेकेदाराच्या माणसांना युनियनमध्ये घ्यायचं असा ठराव झाला, तेव्हा ठराव करणाऱ्यांपैकी एकही जण ड्रमच्या शेडकडे फिरकला नाही, कारण तिथे थिनरचा वास येतो. फॉर्म घेऊन मी गेलो. बाकीच्या बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. हिने हात पदराला पुसले आणि विचारलं, “दादा, यात सही केल्यावर काम जायाचा नाय ना?”

“नाही हो ताई,” मी म्हणालो. “युनियन आहे ना पाठीशी.”

हे वाक्य मी इतक्या सहज बोललो की आजही आठवलं की माझी मलाच चीड येते.

तिने सही केली, मग आणखी सहाजणींनी केली. दोन महिन्यांनी ठेकेदाराने तिचा गेटपास थांबवला. बाकीच्या सहाजणींना एवढं बघणं पुरेसं होतं, त्यांनी लगेच फॉर्म परत मागितले. हिने मागितला नाही. युनियनने तिची केस कामगार न्यायालयात घातली, मागणी साधी, तिला कामावर परत घ्या. तोवर ती करंजाड्याच्या टॉवरमध्ये चार घरची धुणीभांडी करू लागली. ज्या जमिनीवर तिच्या सासऱ्याचं शेत होतं त्याच जमिनीवरच्या आठव्या मजल्यावर. तिला घरकामाची लाज नव्हती, पण ती म्हणायची, “कंपनीत मना हजेरी व्हती. हिकडं मी नाय आले तर बाय नाय आली म्हंतात, नाव पण नाय घेत.” तिला ती हजेरी परत हवी होती.

दर शनिवारी दुपारी ती दोन रिक्षा बदलून गेटवर यायची आणि फळ्यासमोर उभी राहायची. वाचन अडखळत होतं, आकडे मात्र पटकन ओळखायची. म्हणून तिची ओळ मी पिवळ्या खडूने लिहू लागलो. बाकी सगळं पांढरं, तिचं पिवळं. ती लांबूनच बघायची, जवळ येऊन आकडा बोटाने हवेत गिरवायची आणि निघून जायची. सरचिटणीस तिला सांगायचा की तुम्ही दर वेळी कोर्टात यायची गरज नाही, साक्षीच्या वेळी बोलावू. हा सरचिटणीस नवा, जुने केव्हाच निवृत्त होऊन गावी गेले होते. माझा फोन नंबर तिच्याकडे नव्हता. फळा आहे तर नंबर कशाला लागतो, असं मला वाटत असावं. खरं सांगायचं तर ते मला सुचलंच नाही.

मग महापालिकेची निवडणूक आली.

इथे एक गोष्ट आधी सांगतो, नाहीतर माझ्याबद्दल गैरसमज होईल. युनियनने राजकारण करू नये असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. नवीन पनवेलमध्ये माझ्या शेजारी एक निवृत्त बँकवाले राहतात. युनियनने देशाचं वाटोळं केलं, हे ते मला जिन्यात गाठून ऐकवतात. त्यांची पेन्शन आणि त्यांची शनिवारची सुट्टी जणू आकाशातून पडली. ज्या कायद्याने आमचं काम चालतं तो कायदा मतं मागणारेच करतात, तेव्हा त्यांच्या दारात आम्ही जायचं नाही तर कुणी जायचं? जुने सरचिटणीस निवडणुकीत हेच करायचे. कुठल्याही पक्षाचा उमेदवार गेटवर आला की त्याला हार घालायच्या आधी मागण्यांचा कागद पुढे करायचे. सही केली तर हार, नाही तर पाणी पाजून रवाना. निवडून आल्यावर तो कागद घेऊन ते त्याच्या दारात बसायचे. एकदा असं बसून त्यांनी कंपनीच्या रस्त्यावर दिवे लावून घेतले, दुसऱ्या पाळीच्या बायका आजही त्याच उजेडात घरी जातात.

नव्या मंडळींनी कागदाची पद्धत मोडीत काढली. अध्यक्ष म्हणाले, “कागदबिगद राहू दे. आपला हक्काचा माणूस सभागृहात बसला पाहिजे.” हा हक्काचा माणूस कोण, तर पांढऱ्या गाडीतून फिरणारा एक बिल्डर, ज्याचा कामगारांशी संबंध एवढाच की त्याच्या साइटवर ते मरतात. आणि त्याच्या प्रचाराचा सगळा खटाटोप कोण सांभाळत होतं? आमचाच ठेकेदार. ज्याने त्या बाईचा गेटपास थांबवला, तोच आता गळ्यात उपरणं अडकवून आमच्या अध्यक्षांच्या खांद्यावर हात टाकून हिंडत होता. मी सरचिटणीसाला म्हटलं, हा माणूस आपल्या केसमध्ये समोरच्या बाजूला आहे. तो हसला. “अहो, तेच तर! आता आतूनच मिटवू. कोर्टकचेरी कशाला?” असं बोलताना माणूस फार समजूतदार दिसतो.

गेटसभेला उमेदवार दोन तास उशिरा आला. पहिली पाळी सुटलेली माणसं उन्हात थांबवून ठेवली होती, कुणी निघालं की कमिटी मेंबर हात पसरून आडवा व्हायचा. उमेदवाराने माइक घेतला आणि अध्यक्षांना कुजबुजत विचारलं, “काय, औषधं बनवतात ना?” माइक चालू होता. रंग बनवणाऱ्या तीनशे जणांनी ते ऐकलं. अध्यक्षांनी त्याच्या कानात काहीतरी सांगितलं आणि मग तो म्हणाला की रंग हा आयुष्यात फार महत्त्वाचा असतो. टाळ्या पडल्या. पुढे त्याने ठेकेदारी पद्धत मुळासकट उपटून टाकण्याची शपथ घेतली. फार तर वॉर्डातलं गटार उपसणं ज्याच्या हातात असतं त्याने हे आश्वासन दिलं आणि शेजारी उभ्या ठेकेदाराने सगळ्यांत आधी टाळी वाजवली. त्या टाळीला कुणीही हसलं नाही. वडापाव आला होता, सगळे त्या रांगेत होते.

सभेनंतर अध्यक्ष माझ्याकडे आले. “पूर्ण फळा पाहिजे. नाव मोठं, निशाणी त्याहून मोठी. फोटो काढून सगळ्या ग्रुपवर टाकायचाय.”

निशाणी होती कपबशी.

आता मी जे सांगतोय त्यात अध्यक्षांचा दोष नाही. कोपरा पुस असं ते म्हणाले नव्हते. कोपऱ्याचा नियम त्यांना माहीत तरी होता की नाही, देव जाणे. पण मला चित्र काढायला मिळालं होतं. बावीस वर्षं नुसतं एल्गार आणि निर्धार लिहिणाऱ्या माणसाला कुणीतरी सांगितलं होतं की कपबशी काढ. मी निळा खडू आणला, लाल आणला, कपावर नक्षी काढली, आत चहाचा रंग भरला, वर वाफेच्या तीन रेघा. कप सुरेख उतरला. मग बशी काढायला घेतली तर ती उजवीकडे कोपऱ्यात शिरत होती. कोपरा सोडायचा तर बशी एका बाजूने कापली जाणार, आणि कापलेली बशी वाईट दिसते.

कोपऱ्यात एकच ओळ होती. पिवळी. तिचं नाव, साक्ष, मंगळवार, सकाळी अकरा. मतदानाच्या दोन दिवस आधीचा मंगळवार. मी ओळ वाचली, हे मला स्पष्ट आठवतं. बशी पुरी झाली की खाली चौकटीवर बारीक अक्षरात लिहून टाकू, असं मनात म्हणालो आणि डस्टर फिरवला. बशी गोल आली. लोक जमले, कुणी म्हणालं आता यात साखर तेवढी टाका, फोटो निघाले, मला मध्ये उभं करून निघाले. चौकटीवर लिहायचं राहून गेलं.

त्या शनिवारी मी प्रचाराच्या टेम्पोत होतो, रोडपालीत. मागे कर्णा बोंबलत होता आणि मी सोसायट्यांच्या गेटवर उमेदवाराच्या फोटोची कॅलेंडरं वाटत होतो. माझ्या वयाच्या माणसाने करायचं काम ते नव्हे, पण कमिटीने नावं काढली होती आणि मला नाही म्हणता येत नाही. ती बाई नेहमीसारखी फळ्यावर आली. हे मला नंतर वॉचमनने सांगितलं. बराच वेळ उभी होती म्हणे. मग त्याला विचारलं, “माझी पिवली वल कुठं गेली?” त्याला काय ठाऊक? तो म्हणाला, आता सगळं इलेक्शननंतर. तिला ते पटलं. निवडणुकीत सगळी ऑफिसं बंद पडलेली तिने आयुष्यभर पाहिली होती, मग कोर्टही बंद असेल. तरी तिने सरचिटणीसाला दोनदा फोन लावला. त्याने रिंगऐवजी प्रचाराचं गाणं लावलं होतं. तिने दोन्ही वेळा ते गाणं शेवटपर्यंत ऐकलं आणि घरी गेली.

मंगळवारी शेवटची रॅली होती. सकाळी अकरा वाजता आमचा सरचिटणीस, जो तिचा प्रतिनिधी म्हणून कोर्टात उभा राहायचा, तो ट्रकवर चढून कोणी कुठे बसायचं ते ठरवत होता. मी ट्रकच्या पुढे झेंडा धरून चालत होतो.

उमेदवार निवडून आला. फळ्यावर हार्दिक अभिनंदन लिहायचं होतं म्हणून मी ओला फडका घेऊन गेलो आणि कपापासून पुसायला सुरुवात केली. बशीच्या उजव्या कडेला आलो आणि थांबलो. तो शनिवार होता. मंगळवार जाऊन चार दिवस झाले होते. फडका तिथेच टाकून मी युनियनच्या ऑफिसात गेलो. तिथे पेढे चालले होते, ठेकेदार खुर्चीवर बसला होता, माझ्याही हातात एक पेढा ठेवला गेला. मी सरचिटणीसाला बाहेर घेऊन विचारलं.

“अरे हो की,” तो म्हणाला.

एवढंच. चावी घरी विसरल्यावर माणूस म्हणतो तसं. मग त्याने कोर्टातल्या ओळखीच्या कारकुनाला फोन लावला. केस निकाली निघाली होती, अर्जदार आणि प्रतिनिधी गैरहजर म्हणून. एकदा गैरहजर राहिलं म्हणून लगेच कशी निकाली काढतील, असं मी विचारलं. तेव्हा कळलं की याआधीच्या दोन तारखांना या गृहस्थाने मुदत मागून घेतली होती, आणि ही शेवटची संधी असं कोर्टाने बजावलं होतं. फळ्यावर लिहायला देताना त्याने ते मला सांगितलं नव्हतं. “पुन्हा अर्ज टाकू, घेतात परत,” तो म्हणाला. “होतं असं. आणि आता तर आपला माणूस आत आहे.”

मी त्याला त्या दिवशी बरंच बोललो. आवाज चढला, आतली माणसं दारात आली. ठेकेदारही आला आणि मला म्हणाला, “दादा, शांत व्हा, बीपी वाढेल.” मी शांत झालो. हातातला पेढा कधी खाल्ला ते मला कळलंसुद्धा नाही.

तिच्याकडे जायला मी आठ दिवस लावले. पुन्हा अर्ज दाखल होऊ दे, नवी तारीख पडू दे, मग जाऊ, रिकाम्या हाताने कसं जायचं, असं स्वतःला सांगत होतो. मधे पुढचा शनिवार आला तेव्हा मी पाळी बदलून घेतली, म्हणजे ती फळ्यावर आली तर मी गेटवर नको. हे कमिटीतल्या दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी त्याला चारचौघांत भित्रा म्हणालो असतो. नवी तारीख पडल्यावर ती चिठ्ठीवर लिहून घेतली आणि करंजाड्याला गेलो. टॉवरच्या मागच्या भिंतीला लागून तिचं घर. ती सुकट निवडत बसली होती. मला बघून उठली, सुनेला चहा टाकायला सांगितला.

मी सगळं सांगितलं. मंगळवार, गैरहजर, केस निकाली, नवा अर्ज. ती सुकट निवडत ऐकत होती. माझं बोलणं संपल्यावर म्हणाली, “माझी वल कुनी पुसली, दादा? तुमी नाय पुसनार. तुमी तर माझ्यासाठी येगला खडू ठेवलेला.”

गप्प राहिलो असतो तर ती गोष्ट तिथेच संपली असती. अध्यक्ष आहेत, सरचिटणीस आहे, कुणाच्याही नावावर खपली असती आणि फारशी खोटीही ठरली नसती.

“मीच पुसली,” मी म्हणालो. “बशी गोल यावी म्हणून.”

सुनेने चहा आणून ठेवला, कपबशीतच. कुणीच तो उचलला नाही.

“चित्र चांगला व्हता,” ती म्हणाली. “मी वाचमनला इचारला पन, कुनी काढलाय म्हनून.”

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं. ती उठली, भिंतीवरचं कॅलेंडर खिळ्यावरून काढून माझ्यापुढे ठेवलं. वर हात जोडलेला उमेदवार होता, आम्ही वाटलेल्यातलंच एक. मी खिशातली चिठ्ठी काढून नव्या तारखेचा चौकोन शोधू लागलो. माझ्या शर्टाच्या खिशात खडू होता, पिवळा, तो मी सवयीने बाहेर काढला असावा, कारण तिने माझा हात धरला.

“खडू नको,” ती म्हणाली, आणि सुनेकडे वळून पेन मागितलं. “पेनानं लिवा. आन् तुमचा नंबर पन खाली लिवा.”

मी लिहिलं. ती बाजूला उभी राहून प्रत्येक आकडा बोटाने हवेत गिरवत होती. मग कॅलेंडर तिने परत खिळ्याला लावलं आणि सुनेला म्हणाली, “ये वाच. बरोबर लिवलाय का बघ.”